फाल्या म्हणणारा हुकूमशहा

एका सिनेमाचा बिघडलेला आवाज मी दुरुस्त केला, ही माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक. लोकांच्या हातून काय काय होतं आणि ते सुखाने झोपतात. मी एक बल्ब बदलला आणि आज पन्नाशी उलटली तरी तो बल्ब माझ्या डोक्यात जळतो आहे. ज्यांच्यापायी जळतो, त्यांचं नाव जगन्नाथ घाडी. आमच्या लालबागच्या चाळीत लहानथोर सगळे त्यांना घाडीभाऊ म्हणत.

घाडीभाऊंना माणसाचा आवाज आवडत नसे. त्यांना तोंड लागायचं. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, त्यांचा सगळा जन्म गेलेला. शेकडो माग एकदम खडखडत असताना तिथे शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. त्यामुळे साचेवाले एकमेकांचे ओठ वाचत. त्या खडखडाटात घाडीभाऊंचे कान कधी गेले ते त्यांनाच कळलं नाही, पण त्यांनी त्याचं दुःख केलं नाही. उलट कानवाल्यांची त्यांना कीव यायची.

"आवाज फसयता," ते म्हणायचे, "तोंड फसयणा नाय."

त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहायचं आणि नुसते ओठ हलवायचे. आम्हा पोरांची त्यात मोठी सोय होती. आरतीत, वडील झोपलेले असताना, आम्ही घाडीभाऊंशी बिनआवाजी गप्पा मारायचो. भांडण मात्र त्यांच्याशी कुणाला करता यायचं नाही. समोरचा तावातावाने बोलायला लागला की घाडीभाऊ शांतपणे डोळे मिटून घेत. संपलं. चाळीचे सेक्रेटरी परुळेकर एकदा अर्धा तास त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर ओरडले आणि शेवटी स्वतःच पाणी प्यायला निघून गेले.

आता सिनेमाचं सांगतो.

आमच्या चाळीत दरवर्षी सार्वजनिक सत्यनारायण असे, आणि आरती झाली की चौकात पांढरं कापड ताणून सिनेमा. मंडळाकडे स्वतःचं एक जुनं यंत्र होतं, सिनेमाची पेटी बाहेरून भाड्याने यायची. गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षी मंडळाने पौराणिक चित्रपट सांगितला होता. बायका पुढे बसल्या होत्या, म्हाताऱ्यांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या. पडद्यावर देव यायच्या ऐवजी एक गोरा, बुटका माणूस आला. त्याच्या कोटावर इतकी पदकं होती की त्या वजनाने तो पुढे वाकून चालत होता. त्याच्यामागे रणगाडे होते. पेट्यांची अदलाबदल झाली होती.

वर यंत्राचा आवाज गेलेला. चित्र आहे, बोलणं नाही. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. संपामुळे आधीच डोकी तापलेली. परुळेकर "शांतता, शांतता" म्हणून ओरडत होते आणि शांतता तर पडद्यावर भरपूर होती. त्या गोंधळात घाडीभाऊ आपलं स्टूल घेऊन पडद्याशेजारी जाऊन बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गप रवा रे! तो सायब म्हणता, माझी मिरवणूक संपासर सूर्यान बुडाचा नाय."

चौक गप्प. पडद्यावर बघतो तर खरोखरच शिपाई दोरखंड टाकून सूर्याला ओढायची तयारी करत होते.

तो एका परदेशी हुकूमशहाच्या फजितीचा सिनेमा होता. त्याच्या राज्यात शिंकायला बंदी. गल्लोगल्ली त्याचे पुतळे, आणि त्या देशाला वाचवायला एक उडणारा माणूस. अंगाला घट्ट पोशाख, खांद्यावर फडफडणारा झगा आणि पोट सुटलेलं. त्याला उडता यायचं, पण उतरता यायचं नाही. कशावर तरी आपटल्याशिवाय तो थांबत नसे. बहुतेक वेळा हुकूमशहाच्या पुतळ्यावर आपटायचा. घाडीभाऊंनी त्याला पाहताक्षणी ओळखलं.

"हो बदली," ते म्हणाले.

बदली म्हणजे गिरणीतला कायम नसलेला कामगार. रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर घरी. पडद्यावरचा तो वीरही तसाच होता. कुठेतरी कुणीतरी संकटात, की हा हजर. काम झालं की कुणी चहासुद्धा विचारत नसे. झग्याला घाडीभाऊ टॉवेल म्हणायचे. "टॉवेल खांद्यार टाकलो, इलो बदली!" असं त्यांनी म्हटलं की पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची.

पण सगळ्यात मोठा हशा हुकूमशहाच्या एका शब्दाला होता. सिनेमाच्या मध्यावर राजवाड्याच्या गेटसमोर लोक जमतात. हुकूमशहा गच्चीत येतो, हात वर करतो, तोंड उघडतो. घाडीभाऊ त्याचे ओठ बघून गरजले, "फाल्या!"

मालवणीत फाल्या म्हणजे उद्या.

चौकातला प्रत्येक माणूस त्या आठवड्यात गिरणीच्या गेटवर जाऊन 'उद्या' ऐकून आला होता. उद्या बोलणी, उद्या निर्णय, उद्या गेट उघडणार. आणि इथे पडद्यावर हुकूमशहा 'फाल्या' म्हणतो आणि त्याच क्षणी तोफा उडतात! लोक हसून एकमेकांच्या अंगावर पडले. माझी आई पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि ती तेव्हा घरात फार हसत नसे. 

पेटी पाठवणाऱ्याचं दुकान त्यानंतर बंद पडलं. पेटी परत घ्यायला कुणी आलं नाही. ती मंडळाच्या स्टेजखाली राहिली आणि दरवर्षी पूजेला तोच सिनेमा लागू लागला. दुसऱ्या चाळींतून, पार भोईवाड्यापासून लोक येऊन बसायचे. सिनेमाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. "आज 'बदली' आहे ना?" एवढंच विचारायचे.

तो हुकूमशहा नक्की कोण, यावर चाळीत वर्षभर वाद चाले. बहुतेकांच्या मते तो गिरणीचा मालक. मागच्या रांगेतले काही जण हळू आवाजात म्हणत की तो आपलाच पुढारी. तोही उद्याच म्हणतो. हे ते घाडीभाऊंकडे पाठ करून म्हणत, वाचलं जाऊ नये म्हणून. घाडीभाऊ स्वतः यात पडत नसत. "माका कशाक विचारतास? मी मनचा काय सांगणंय नाय. तो म्हणता ताच सांगतंय." ते हे इतक्या गांभीर्याने म्हणायचे की त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता, यात मला आजही शंका नाही. परदेशातला हुकूमशहा मालवणी का बोलेल, असा प्रश्न त्यांना पडला नाही. माणूस आतून जे बोलतो ते तोंडावर येतं, आणि आतून सगळे मालवणीच, असं काहीसं त्यांचं मत असावं.

एके वर्षी हवालदार आला. कुणीतरी कळवलं होतं की चाळीत सरकारविरुद्ध सिनेमा दाखवतात. तो पडद्यासमोर उभा राहून घाडीभाऊंना म्हणाला, "हा माणूस कुणावर घेतलाय?"

"तुमी तेचा तोंड बघा," घाडीभाऊ म्हणाले. "कोणासारखो दिसता?"

हवालदाराने बराच वेळ बघितलं. हुकूमशहा एका शिपायाला घड्याळ वेळेत चालत नाही म्हणून घड्याळासकट अटक करत होता. "आमच्या साहेबांसारखा," हवालदार हळूच म्हणाला, टोपी काढून खाली बसला आणि 'दि एंड' येईपर्यंत उठला नाही.

खरी अडचण परुळेकरांनी आणली. एका प्रसंगात हुकूमशहा खिडकीतून खाली बघून काहीतरी फर्मावतो. घाडीभाऊंनी वाचलं, "नळ साडेपाचाक बंद!" चाळीच्या नळाची चावी परुळेकरांकडे असे आणि ते नळ साडेपाचालाच बंद करत. चौक त्यांच्याकडे वळून हसला. परुळेकरांनी दुसऱ्याच दिवशी कमिटीची बैठक बोलावली.

"घाडी, सिनेमातलं बोलणं कमिटीकडून आधी पास करून घ्यावं लागेल," ते म्हणाले.

"ते थय परदेशात बोलले. हय लालबागात बसान मी तेंचा बोलणा कसा बदलू?"

"ते मला माहीत नाही. त्याने पाण्यावर बोलायचं नाही."

"मगे तेका सांगा," असं म्हणून घाडीभाऊंनी डोळे मिटले.

'हुकूमशहाने पाणीपुरवठ्याविषयी बोलू नये' असा ठराव खरोखर मंजूर झाला. मी तिथे होतो. पुढच्या पूजेला तो प्रसंग आला, हुकूमशहा खिडकीत आला, त्याने तोंड उघडलं, आणि घाडीभाऊंनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.  हुकूमशहाचे ओठ मिटल्यावर त्यांनी हात काढला आणि म्हणाले, "ह्या वाक्य कमिटीन खाल्ल्यान." मूळच्या वाक्याला आला नव्हता एवढा हशा आला. लहान मुलंसुद्धा एका सुरात "साडेपाच! साडेपाच!" म्हणू लागली. परुळेकरांनी नंतर तो ठराव गुपचूप मागे घेतला.

या सिनेमात एक बाई होती. शिवणकाम करणारी, बदलीचा फाटका झगा शिवून देणारी. तोफा, पुतळे, रणगाडे चालू असताना ती मध्येच खिडकीत येते, बदलीकडे बघून बारीक हसते आणि एकच शब्द बोलते. घाडीभाऊ तो शब्द हळू सांगायचे, बाकीच्यांसारखा गरजून नाही.

"जेवलंस?"

इकडे शहर पेटलंय आणि हिला जेवणाचं पडलंय, म्हणून लोक हसायचे. सिनेमातल्या प्रत्येकाला घाडीभाऊंनी नाव दिलं होतं, अगदी हुकूमशहाच्या कुत्र्यालाही. त्या बाईला मात्र दिलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ती ती." पूजेच्या आठवडाभर आधीपासून ते मंडळाच्या पोरांना पुन्हा पुन्हा विचारत, "तेवडो भाग तुटूक नाय मां? खिडकीचो?" फिल्म जुनी झाली होती, जागोजाग तुटायची. तो तुकडा तुटला नाही म्हटलं की ते निश्चिंत होत.

संपाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तो संपला असं कुणी सांगितलंच नाही, आणि गिरणी काही उघडली नाही. मी तोवर पदवीधर झालो आणि गिरगावात एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. चाळीतला मी पहिला टाय लावणारा. त्या टायच्या उत्साहात मला वाटलं, आपण चाळीसाठी काहीतरी करावं. यंत्रात आवाजासाठी एक छोटा वेगळा बल्ब असतो आणि तेवढाच गेलेला आहे, असं मला एका जाणकाराने सांगितलं. मी तो शोधून आणला, बसवला आणि पूजेच्या संध्याकाळी माईक घेऊन जाहीर केलं, "मंडळी, यंदा आपण हा चित्रपट प्रथमच ऐकणार आहोत. इंग्रजी संवादांचा अर्थ मी सांगेन."

घाडीभाऊ नेहमीप्रमाणे स्टुलावर बसले होते, पडद्याकडे तोंड करून. माझं बोलणं त्यांनी पाहिलं नव्हतं. आवाज आल्याचंही त्यांना कळलं नाही, कळणार कसं?

सिनेमा सुरू झाला. कर्ण्यातून बँड वाजला, हुकूमशहा इंग्रजीत ओरडला, आणि त्याच्यावर घाडीभाऊ मालवणीत ओरडले. लोकांना दोन्ही कळेना. कुणीतरी "शूऽ" केलं. घाडीभाऊ चालूच. गच्चीचा प्रसंग आला. हुकूमशहाने हात वर केला. कर्ण्यातून आलं, "फायर!" घाडीभाऊ गरजले, "फाल्या!" 

कुणी हसलं नाही. घाडीभाऊ चमकून मागे वळले, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांच्या ओठांवर त्यांनी वाचलं, "भाऊ, गप रवा, ऐकूक येणा नाय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माईकवर होतो. शब्द नीट कळावेत म्हणून मी तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून बोलत होतो.

"तो फाल्या म्हणत नाहीये, मंडळी. फायर म्हणतोय. म्हणजे गोळी घाला."

 घाडीभाऊ पुन्हा पडद्याकडे वळले आणि त्यांनी सांगणं थांबवलं. मला वाटलं, त्यांना पटलं. मग खिडकीचा प्रसंग आला. ती बाई आली, बारीक हसली. घाडीभाऊ अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाले, "जेवलंस?" आणि कर्ण्यातून एक चिरका आवाज आला, "जेलस?"

त्यांनी मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. विचारायला पाहिलं होतं, एवढं मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी माईकवर सांगितलं, "ती विचारते, तुला मत्सर वाटतो का?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "अगो, म्हणजे ती जेवणाचा विचारी नव्हती?"

घाडीभाऊ उठले, स्टूल उचललं आणि पडद्यासमोरून चालत आपल्या खोलीकडे गेले. त्यांची सावली हुकूमशहाच्या तोंडावरून गेली. पुढचा अर्धा सिनेमा मी अर्थ सांगत होतो आणि लोक एकेक करून उठत होते. शेवटी मी आणि परुळेकर उरलो. परुळेकर म्हणाले, "म्हणजे तो नळाबद्दल काही बोलतच नाही?" त्यांना वाईट वाटलं होतं.

घरी आल्यावर आई माझ्याकडे बघायला तयार नव्हती. तीही संपाआधी त्याच गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. भांडी घासत ती म्हणाली, "घाडीभाऊंची बायको आमच्या वाइंडिंगखात्यात होती. साचेखात्याच्या दाराशी यायची दुपारच्या सुट्टीआधी. आवाजात काय ऐकू येतंय? दारातूनच ओठ हलवून विचारायची त्यांना. एवढं एकच."

मी विचारलं नाही, काय ते.

"संपात तिला गावी पाठवली," आई म्हणाली. "तिकडे तापाने पडली. घाडीभाऊ निघणार होते. तर कुणीतरी सांगत आलं, उद्या गेट उघडतंय. राहिले. मग गेले, तेव्हा उशीर झाला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं आणि डोळे मिटले.

पुढची कित्येक वर्षं असंच चाललं. जिन्यात, नळावर, गणपतीत. मी समोर आलो, तोंड उघडलं, की ते डोळे मिटत. रागाने नव्हे, ऊन आल्यावर मिटावेत तसे. मिटल्या डोळ्यांच्या माणसाची, ज्याला ऐकू येत नाही, माफी मागायची कशी? मी पुष्कळदा ठरवलं, त्यांचा हात धरावा, पाया पडावं. आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं, फाल्या. लग्न झालं, ठाण्याला राहायला गेलो, मुलं झाली, चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तरी माझं फाल्याच चाललं होतं. तो पडद्यावरचा हुकूमशहा निदान एवढा वेळ लावत नसे.

आई गेली त्या वर्षी मी गेलो. घाडीभाऊ आता टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर एकटे राहत होते. दार उघडंच होतं. टीव्ही चालू होता, आवाज बंद. पडद्यावर सहा चौकटी होत्या आणि सहा पुढारी एकदम भांडत होते. घाडीभाऊ तेच जुनं स्टूल घेऊन समोर बसले होते.

"काय म्हणतंत?" मी त्यांच्यासमोर येऊन, सवयीने, नुसते ओठ हलवून विचारलं. 

त्यांनी वर पाहिलं. मी वाट बघत होतो डोळे मिटण्याची. ते मिटले नाहीत. बहुधा इतक्या वर्षांनी मी कोण ते ओळखायला त्यांना वेळ लागला.

"सहाय जण एकच म्हणतंत," ते म्हणाले. "माका बोलूक देवा."

माझ्या माहितीत पडद्यावरचं त्यांनी अगदी बरोबर वाचलेलं हे पहिलं वाक्य.

भांडण संपलं, बातम्या देणारी बाई आली. ती कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलली आणि बारीक हसली. घाडीभाऊ मला विसरून तिला म्हणाले, "नाय गो. आता जेवतंय."

मी टीव्हीच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन खाली बसलो. त्यांच्या तोंडासमोर तोंड करून. माईकवर बोललो होतो तसं तोंड मोठं उघडून नाही, साधं. त्यांच्याच बोलीत. "भाऊ, मी चुकलंय."

त्यांनी माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं.

"जेवलंय?" ते एकदम कडाडले. "कसो जेवलंस? इतक्या वर्सांनी माज्याकडे येतंस आणि जेवान येतंस?"

"जेवलंय नाही, भाऊ. चुकलंय. चु-क-लं-य."

"तेच ता! लाज नाय वाटणा?"

ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि एक ताट वाढून घेऊन आले. भात आणि बांगड्याचं तिखलं. स्वतःसाठी दुसरं आणलं. मला बोलू द्यायला ते तयारच नव्हते. मी तोंड उघडलं की ते ताटाकडे बोट दाखवत. शेवटी मी एक मोठा घास घेतला. तिखलं असं झणझणीत की नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं होतं हे मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तोंडात घास तसाच ठेवून, ओठ धड हलतही नव्हते तेव्हा, मी पुन्हा म्हणालो, "मी चुकलंय, भाऊ."

घाडीभाऊ आपला भात कालवत होते. त्यांनी मान वर केली आणि डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघितलं.

"समाजला ता मगाशीच," ते म्हणाले. "पण तू जेवूक नव्हतंस."